इंडिकेटर दिसत नाही, चपटा दिसतो, दुसऱ्याशी जुळत नाही: चार्टच्या सेटिंग्जबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडिकेटर म्हणजे भावाच्या आकड्यांवरून गणित करून चार्टवर काढलेली रेषा. इथले बहुतेक प्रश्न ट्रेडिंगव्ह्यू या वेबसाइटच्या चार्टबद्दल आहेत, कारण आपल्याकडच्या बऱ्याच ब्रोकरांच्या ॲपमध्येही तोच चार्ट बसवलेला असतो. झिरोधाच्या काइटसारख्या ठिकाणी चार्टआयक्यू हा दुसरा पर्यायही मिळतो. तिथे मेनूची नावं थोडी वेगळी असतात, पण दुखणी तीच.

तपासायचा क्रम नेहमी एकच ठेवा: आधी डिस्प्ले (काय दिसतं), मग इनपुट (इंडिकेटरला दिलेले आकडे), मग डेटा (मूळ भाव). रेषा दिसतच नसेल तर निदान लगेच लक्षात येतं. दिसते, पण भलत्याच आकड्यांवर उभी असते, ती रेषा जास्त नुकसान करते. म्हणून अशा रेषांबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं जास्त लांब आहेत. ती कृपया घाईत वाचू नका.

१. इंडिकेटर लावला, वर डाव्या कोपऱ्यात नावही आलं, पण चार्टवर काहीच उमटलं नाही. कुठे पाहू?

नावाशेजारचा आकडा बघा. आकडा येतोय आणि भावाबरोबर बदलतोय, म्हणजे गणित चालू आहे, फक्त रेघ काढली जात नाहीये. मग नावाजवळचं डोळ्याचं चिन्ह बंद आहे का ते पाहा. ते चालू असेल तर सेटिंग्जमधल्या 'स्टाइल'मध्ये त्या रेषेसमोरची टिकखूण निघाली आहे का आणि रंगाची अपारदर्शकता (ओपॅसिटी) शून्यावर गेली आहे का ते तपासा. काळ्या थीमवर काळी रेष हे कारण ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण थीम बदलल्यावर 'सगळे इंडिकेटर उडाले' अशी तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

आकड्याच्या जागी तिरकी रेघ मारलेलं रिकामं वर्तुळ असेल, तर त्या कॅन्डलला (ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या खांबाला) उत्तरच निघालेलं नाही. प्र. ३ पाहा. लाल उद्गारचिन्ह असेल तर त्यावर दाबा, चूक का आली ते तिथेच लिहिलेलं असतं.

२. ५ मिनिटांवर इंडिकेटर दिसतो, १५ मिनिटांवर गेलं की गायब. असं का?

सेटिंग्जमधला तिसरा भाग 'व्हिजिबिलिटी' उघडा. मिनिटं, तास, दिवस, आठवडे, महिने यांपैकी कोणत्या टाइमफ्रेमवर (एका कॅन्डलच्या कालावधीवर) इंडिकेटर दाखवायचा हे तिथे ठरतं, आणि प्रत्येकापुढे 'किती ते किती' अशी मर्यादाही असते. मिनिटांची मर्यादा १ ते ५ झाली असेल तर १५ वर तो दिसणारच नाही. दुसऱ्याचा टेम्प्लेट घेतलात तर या मर्यादाही सोबत येतात. व्हीवॅप (सौद्यांच्या व्हॉल्यूमने भारित सरासरी भाव) डेली चार्टवर गायब होत असेल तर त्याचं कारण वेगळं आहे, ते प्र. १५ मध्ये आहे.

३. २०० ईएमए लावला तर रेषा चार्टच्या मध्यातूनच सुरू होते, किंवा येतच नाही.

ईएमए म्हणजे नव्या कॅन्डलना जास्त वजन देणारी सरासरी. २०० ची सरासरी काढायला २०० कॅन्डल लागतात. नुकत्याच लिस्ट झालेल्या शेअरच्या डेली चार्टवर तेवढ्या नसतातच. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, थांबावं लागेल किंवा छोटी टाइमफ्रेम घ्यावी लागेल.

हिशेब हाताशी ठेवा. एनएसईचं रोजचं सत्र सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटांचं. ५ मिनिटांच्या चार्टवर दिवसाला ७५ कॅन्डल होतात, १५ मिनिटांवर २५. म्हणजे १५ मिनिटांवर २०० कॅन्डल भरायला पूर्ण ८ दिवस जातात. आठवड्याच्या ऑप्शनमध्ये (दर आठवड्याला संपणाऱ्या करारात) नियमित सौद्यांचे एवढे दिवस क्वचितच मिळतात. त्यात चालू भावापासून दूरच्या स्ट्राइकला (ऑप्शनमध्ये ठरलेल्या भावाला) कित्येक मिनिटं सौदाच होत नाही, आणि सौदा नसेल तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कॅन्डलही बनत नाही. अशा ऑप्शनच्या चार्टवर २०० ईएमए लावण्यात अर्थ नाही. तो निफ्टीवर पाहावा.

४. एक इंडिकेटर लावला आणि सगळ्या कॅन्डल चपट्या होऊन एक आडवी रेघ झाली!

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो. समजा शेअरचा भाव १४०० आहे आणि तुम्ही एटीआर (एका कॅन्डलमध्ये भाव सरासरी किती हलतो तो आकडा) लावलात. एटीआरचा आकडा २५-३० च्या आसपास. तो स्वतःच्या खिडकीत असायला हवा होता, पण ओढताना भावाच्या खिडकीत पडला आणि भावाच्याच पट्टीला चिकटला. आता उजवीकडच्या पट्टीला २५ पासून १४०० पर्यंत सगळं एकदम दाखवायचं आहे. दिवसभरातली १५ रुपयांची हालचाल त्यात दिसणार कशी?

इंडिकेटरच्या नावाजवळचे तीन ठिपके दाबा आणि 'मूव्ह टू' मधून त्याला खाली नवीन खिडकीत पाठवा. त्याच खिडकीत ठेवायचा असेल तर 'पिन टू स्केल' मधून डावी पट्टी द्या, म्हणजे दोघांचं मोजमाप वेगळं होईल.

इंडिकेटर योग्य पट्टीवर असूनही कॅन्डल दबल्या असतील, तर त्याची रेषा भावापासून फार लांब आहे. जोरात पडलेल्या शेअरवर २०० डीएमए (२०० दिवसांची सरासरी) लावला की हे होतं. तेव्हा भावाच्या पट्टीवर उजवं क्लिक करून 'स्केल प्राइस चार्ट ओन्ली' चालू करा. पट्टी फक्त कॅन्डलच्या हिशेबाने बसेल आणि लांबची रेषा चौकटीबाहेर राहील. ती बाहेर आहे हे मात्र ध्यानात असू द्या.

५. आरएसआयच्या (० ते १०० मध्ये भावाचा जोर मोजणाऱ्या इंडिकेटरच्या) खिडकीत ७० आणि ३० च्या रेषाच दिसत नाहीत, वरचा भाग कापला जातो.

पट्टी बोटाने किंवा माउसने ओढली गेली की ऑटो स्केल बंद होतो आणि ती तिथेच अडकते. त्या खिडकीच्या उजव्या पट्टीवर दोनदा क्लिक करा, ती पूर्ववत होते. सगळाच चार्ट भरकटला असेल तर ऑल्ट आणि आर एकत्र दाबा. मोबाइलवर हे फार होतं, कारण चार्ट सरकवताना अंगठा पट्टीवर जातो.

६. भाव वाढतोय आणि चार्ट खाली चाललाय.

पट्टी उलटी झाली आहे. ऑल्ट आणि आय ही जोडी चुकून दाबली गेली की असं होतं. तीच पुन्हा दाबा.

७. उजवीकडे रुपयांऐवजी टक्के दिसू लागले, आणि मूव्हिंग ॲव्हरेजसुद्धा टक्क्यांत.

दुसरा शेअर तुलनेसाठी जोडलात की पट्टी आपोआप टक्क्यांवर जाते. तुलना काढून टाका, किंवा पट्टीवर उजवं क्लिक करून 'रेग्युलर' निवडा. तुलना न जोडताच टक्के आले असतील तर ऑल्ट आणि पी दाबून पाहा. सरासरीचं गणित यात बदलत नाही, फक्त पट्टीवरची मांडणी बदलते.

८. पट्टीवर इतक्या रंगीत पाट्या येतात की चालू भावच वाचता येत नाही.

चार्टच्या सेटिंग्जमध्ये पट्टी आणि रेषांच्या भागात जाऊन इंडिकेटरच्या पाट्या बंद करा. आकडे वरच्या ओळीत दिसतातच. पाट्या ठेवायच्याच असतील तर त्या एकमेकींवर येऊ न देण्याचा पर्याय तिथेच आहे. मात्र तेव्हा पाटी तिच्या खऱ्या जागेपासून थोडी वर-खाली सरकते. स्टॉपलॉस लावताना पाटीची उंची बघू नका, तिच्यावरचा आकडा वाचा.

९. रोज सकाळी रंग आणि पिरियड (किती कॅन्डलवर गणित करायचं तो आकडा) बदलतो, दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. कायमचं कसं साठवू?

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. डीफॉल्ट हा एका इंडिकेटरचा असतो: सेटिंग्जच्या खिडकीत खाली डावीकडे 'डीफॉल्ट्स' मधून 'सेव्ह ॲज डीफॉल्ट' केलंत की पुढच्या वेळी तो इंडिकेटर *नव्याने लावताना* तुमचे आकडे येतात. आधीच चार्टवर असलेला मात्र तसाच राहतो. टेम्प्लेट म्हणजे अनेक इंडिकेटरांचा संच. आणि लेआउट म्हणजे अख्खा चार्ट: शेअर, टाइमफ्रेम, इंडिकेटर, रेघोट्या, सगळं.

रोज सगळं पुसलं जात असेल तर लेआउट साठवलाच जात नाहीये, वर उजवीकडच्या लेआउटच्या नावाजवळ 'सेव्ह' दाबा. काही ब्रोकरांच्या वेब चार्टवर ही माहिती ब्राउझरमध्येच राहते. तिथे कुकी आणि कॅशे पुसलं, किंवा खासगी खिडकीत चार्ट उघडला, की मेहनत गेली.

१०. कॉम्प्युटरवर लावलेले इंडिकेटर मोबाइलवर का येत नाहीत?

ट्रेडिंगव्ह्यूच्या स्वतःच्या खात्यात लेआउट त्यांच्या सर्व्हरवर असतो, त्यामुळे त्याच लॉगिनने तोच लेआउट उघडला तर येतात. ब्रोकरच्या ॲपमधला चार्ट हा वेगळा संसार आहे. दिसायला तसाच असला तरी तुमच्या ट्रेडिंगव्ह्यू खात्याशी त्याचा संबंध नसतो. तिथे सगळं पुन्हा लावावं लागतं, आणि लावताना इनपुट एकेक करून जुळवावे लागतात, कारण दोन्हीकडचे डीफॉल्ट सारखे असतीलच असं नाही. प्र. १४ पाहा.

११. मोफत खात्यात आणखी इंडिकेटर लावू देत नाही. काही मार्ग?

मर्यादा इंडिकेटरांच्या संख्येवर आहे, रेषांच्या नाही. 'मूव्हिंग ॲव्हरेज रिबन' या एकाच इंडिकेटरमध्ये चार सरासऱ्या बसतात, प्रत्येकीचा प्रकार आणि पिरियड वेगळा ठेवता येतो. बोलिंजर बँड लावला असेल तर त्याची मधली रेषा हीच २० ची साधी सरासरी असते, ती वेगळी लावायची गरज नाही. एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. आणि खरं सांगायचं तर चार्टवर आठ-दहा इंडिकेटर असले की त्यातले निम्मे एकच गोष्ट वेगळ्या रंगात सांगत असतात.

१२. माझ्या चार्टवर बाजार पहाटे पावणेचारला उघडतो. इंडिकेटरही चुकीचे असतील का?

चार्टची वेळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) आहे. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून सव्वानऊचे पावणेचार दिसतात. खाली उजवीकडे घड्याळावर क्लिक करून 'एक्स्चेंज' किंवा कोलकाता निवडा. परदेशातून एनएसई पाहणाऱ्यांनी 'एक्स्चेंज'च ठेवावं. न्यूयॉर्कची वेळ ठेवलीत तर उन्हाळ्यात बाजार आदल्या रात्री पावणेबाराला उघडतो आणि हिवाळ्यात पावणेअकराला, त्यामुळे तारखांचा घोळ होतो.

ट्रेडिंगव्ह्यूवर हा बदल फक्त दाखवण्यापुरता आहे, व्हीवॅप आणि पिवट (आधीच्या सत्राच्या भावांवरून काढलेल्या पातळ्या) एक्स्चेंजच्या सत्रावरच चालतात. ॲमिब्रोकर या सॉफ्टवेअरमध्ये तसं नाही. तिथे डेटाबेसच्या सेटिंग्जमधला टाइम शिफ्ट चुकला तर दिवसाची सुरुवातच चुकीच्या जागी पडते आणि सत्रावर आधारित सगळेच इंडिकेटर चुकतात.

१३. त्याच शेअरचा, त्याच वेळचा आरएसआय माझ्याकडे ६१ आणि मित्राकडे ५७. दोघांचा पिरियड १४ च आहे. खरा कोणता?

आधी दोघंही एकच रेषा वाचताय ना हे बघा. ट्रेडिंगव्ह्यूच्या आरएसआयवर जांभळ्या रेषेसोबत एक पिवळी रेषा येते. ती आरएसआयची स्वतःची सरासरी आहे. वरच्या ओळीत दोन आकडे असतात आणि कित्येक जण दुसरा वाचतात. पिवळी रेष नको असेल तर इनपुटमध्ये स्मूदिंगचा प्रकार 'नन' करा.

मग सोर्स (गणितासाठी कोणता भाव घेतला आहे) पाहा, दोन्हीकडे 'क्लोज', म्हणजे बंद भाव हवा. एकीकडे कॅन्डल साधी आणि दुसरीकडे हायकिन आशी नाही ना, हेही पाहा (प्र. १७).

इथवर सगळं जुळलं तर फरक सरासरी काढण्याच्या पद्धतीत आहे. वेलेस वाइल्डर यांनी १९७८ मध्ये आरएसआय मांडला तेव्हा त्यांनी स्वतःची सरासरी वापरली होती, ज्यात प्रत्येक नव्या कॅन्डलला १/१४ वजन मिळतं. नेहमीच्या १४ च्या ईएमएमध्ये ते २/१५ असतं, म्हणजे जवळपास दुप्पट. वाइल्डरची १४ ची सरासरी ही प्रत्यक्षात २७ च्या ईएमएएवढी संथ आहे. काही सॉफ्टवेअर साधी सरासरी घेतात, त्याला कटलरचा आरएसआय म्हणतात. तिन्हींचं उत्तर वेगळं येणारच.

पद्धतही एकच असेल, तर उरतो इतिहास. वाइल्डरच्या सरासरीत सुरुवातीचा आकडा कधीच पूर्ण पुसला जात नाही, फक्त विरत जातो. पहिल्या सरासरीनंतर १४ कॅन्डल झाल्या तरी तिचा सुमारे ३५ टक्के अंश शिल्लक असतो, ५० कॅन्डलनंतर अडीच टक्के, १०० नंतर नगण्य. एका ॲपने ४० च कॅन्डल मागवल्या आणि दुसऱ्याने ५००, तर दोन्हीकडे आरएसआय वेगळा दिसतो, आणि दोघांचं गणित आपापल्या जागी बरोबर असतं. यातला भरवशाचा तो, ज्याच्यामागे जास्त इतिहास आहे. चार्ट डावीकडे ओढून जुना डेटा लोड करा आणि मग पुन्हा जुळवून पाहा.

२०० ईएमएला हेच जास्त लागू आहे. २०० कॅन्डलनंतरही त्यात सुरुवातीच्या आकड्याचा १३-१४ टक्के अंश असतो. तो पाव टक्क्यावर यायला साधारण ६०० कॅन्डल लागतात, १५ मिनिटांच्या चार्टवर २४ दिवस.

१४. सुपरट्रेंड एका ॲपवर हिरवा, दुसऱ्यावर लाल.

सुपरट्रेंड हा भाव चढता असेल तर हिरवी आणि उतरता असेल तर लाल रेषा काढणारा इंडिकेटर. डीफॉल्ट वेगळे आहेत. ट्रेडिंगव्ह्यूवर १० (पिरियड) आणि ३ (गुणक) येतात, आपल्याकडे ७ आणि ३ ही जोडीही खूप चालते. दोन्हीकडे आकडे सारखे करा. तरीही काही वेळ फरक दिसला तर कारण तेच: सुपरट्रेंडच्या पोटात एटीआर आहे आणि एटीआर वाइल्डरच्या सरासरीवर चालतो, म्हणून प्र. १३ मधलं इतिहासाचं उत्तर इथेही लागू पडतं. शिवाय सुपरट्रेंडची रेषा आदल्या कॅन्डलच्या रेषेवर अवलंबून असते. एका कॅन्डलवर दोन पैशांनी दिशा पलटली की पुढचा बराच काळ दोन चार्ट वेगळे चालू शकतात.

१५. निफ्टीवर व्हीवॅप येत नाही. आणि शेअरच्या डेली चार्टवर लावला की भावालाच चिकटून बसतो.

व्हीवॅपमध्ये व्हॉल्यूम (किती शेअरांचे सौदे झाले तो आकडा) लागतो. निफ्टी हा निर्देशांक आहे, त्याची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही. काही ठिकाणी घटक शेअरांच्या व्हॉल्यूमची बेरीज निर्देशांकाखाली दाखवतात, काही ठिकाणी काहीच नसतं आणि व्हॉल्यूम नसल्याची चूक येते. व्हीवॅप पाहायचाच असेल तर चालू महिन्याच्या निफ्टी फ्युचरवर (वायद्यावर) पाहा. तिथला व्हॉल्यूम खऱ्या सौद्यांचा असतो.

डेली चार्टची गोष्ट वेगळी. व्हीवॅप रोज सकाळी नव्याने सुरू होतो. डेली चार्टवर एका दिवसाची एकच कॅन्डल, म्हणून त्या दिवसाचा व्हीवॅप म्हणजे हाय, लो आणि क्लोज यांची सरासरी, बाकी काही नाही. ती भावाला चिकटणारच. म्हणूनच सेटिंग्जमध्ये डेली आणि वरच्या टाइमफ्रेमवर व्हीवॅप लपवण्याची टिकखूण दिलेली आहे. डेलीवर उपयोग करायचा तर अँकर पिरियड (व्हीवॅप किती काळाने नव्याने सुरू करायचा ते) महिना, तिमाही किंवा वर्ष करा.

१६. एक तासाच्या चार्टवर दिवसाची शेवटची कॅन्डल नेहमी बारीक का असते?

३७५ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही. सव्वानऊपासून सहा पूर्ण कॅन्डल होतात आणि सव्वातीन ते साडेतीन ही सातवी फक्त १५ मिनिटांची उरते. सरासरीच्या हिशेबात मात्र तिचं वजन पूर्ण तासाएवढंच, आणि व्हॉल्यूमची सरासरी तर रोज तिथे विनाकारण वाकते. ३० मिनिटांच्या चार्टवरही शेवटची कॅन्डल अर्धीच असते.

३७५ ला समान भागणाऱ्या टाइमफ्रेम घ्या: २५ मिनिटांच्या १५ कॅन्डल, ७५ च्या ५, १२५ च्या ३. आपल्याकडचे अनेक स्विंग ट्रेडर (सौदा काही दिवस धरून ठेवणारे) ७५ मिनिटं वापरतात ते यासाठीच. अशी टाइमफ्रेम हाताने भरावी लागते, आणि काही योजनांमध्ये ती मिळत नाही.

१७. कॅन्डल बदलल्या तर सगळ्या इंडिकेटरचे आकडे बदलले.

हायकिन आशीची कॅन्डल ही स्वतःच एक सरासरी आहे, तिचा ओपन आणि क्लोज खरे भाव नसतात. चार्टवर ती असली की ईएमए, आरएसआय, सुपरट्रेंड सगळे त्याच मऊ केलेल्या भावांवर चालतात. सिग्नल सुंदर दिसतात, पण त्या भावाला सौदा मिळत नाही. निदान चालू भाव तरी खरा दिसावा म्हणून सिम्बॉलच्या सेटिंग्जमध्ये पट्टीवर खरे भाव दाखवण्याचा पर्याय चालू करा. सिग्नल तपासायचा तो साध्या कॅन्डलवर. रेन्को या वेळेऐवजी भावाच्या हालचालीवर विटा रचणाऱ्या चार्टलाही हेच लागू.

१८. इचिमोकूचा ढग भविष्यात कसा गेला? सेटिंग बिघडलंय का?

नाही. इचिमोकू या जपानी इंडिकेटरमध्ये ढग (रंगीत पट्टा) २६ कॅन्डल पुढे आणि चिकू रेषा (बंद भावाची रेषा) २६ कॅन्डल मागे काढायची, अशीच त्याची रचना आहे. ढग कापलेला दिसत असेल तर चार्ट डावीकडे सरकवून उजवीकडे मोकळी जागा करा.

१९. ५ मिनिटांच्या चार्टवर एका तासाचा ईएमए लावला. तो जिन्यासारखा दिसतो, आणि काल दिसलेला सिग्नल आज गायब आहे.

जिना दिसणं बरोबर आहे. तासाला एकच आकडा, तो बारा कॅन्डलवर आडवा पसरतो. सिग्नल गायब होणं मात्र गंभीर आहे.

तास पूर्ण होण्याआधी त्या तासाचा ईएमए हलता असतो. साडेदहाला ५ मिनिटांची कॅन्डल त्याच्या वर बंद झाली, तुम्ही खरेदी केली. सव्वाअकराला तास संपला तेव्हा ईएमए दुसरीकडेच स्थिरावला होता, आणि आता मागे वळून पाहिलं तर तिथे छेद झालेलाच दिसत नाही. याला रीपेंटिंग म्हणतात. इतिहासात सगळे तास पूर्ण झालेले असतात, म्हणून जुने सिग्नल नेहमी अचूक वाटतात.

इनपुटमध्ये टाइमफ्रेमखाली 'वेट फॉर टाइमफ्रेम क्लोजेस' ही टिकखूण आहे, ती चालूच ठेवा. रेषा एक तास उशिरा बदलेल, पण बदलल्यावर मागे फिरणार नाही. तयार मिळणाऱ्या किंवा विकत घेतलेल्या इंडिकेटरमध्ये असा पर्याय नसेल तर बार रीप्लेवर (जुना चार्ट एकेक कॅन्डल पुढे चालवून पाहण्यावर) विसंबून राहू नका. बाजार चालू असताना एक पूर्ण दिवस समोर बसून प्रत्येक सिग्नलचा स्क्रीनशॉट घ्या आणि संध्याकाळी चार्टशी ताडून पाहा. पैसे मोजण्याआधी हे कराच.

२०. माझे पिवट पॉइंट कॅल्क्युलेटरशी जुळत नाहीत. शिवाय १५ वरून ३० मिनिटांवर गेलं की सगळ्या पातळ्याच बदलतात.

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे. पिवटचा टाइमफ्रेम 'ऑटो' असेल तर १५ मिनिटांपर्यंतच्या चार्टवर दिवसाचे पिवट येतात आणि त्यावरच्या इंट्राडे चार्टवर आठवड्याचे. 'ऑटो' काढून 'डेली' करा.

पहिला भाग बंद भावाचा आहे. पिवट म्हणजे कालचा हाय, लो आणि क्लोज यांची बेरीज भागिले ३. पण क्लोज कोणता? एनएसईच्या रोख बाजारात शेअरचा अधिकृत बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव नसतो. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची व्हॉल्यूमने भारित सरासरी काढून तो ठरवण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. समजा शेवटचा सौदा १४१२ ला झाला आणि अधिकृत बंद १४०६ आला. १५ मिनिटांच्या शेवटच्या कॅन्डलवरून काढलेला पिवट अधिकृत भावावरच्या पिवटपेक्षा २ रुपये वर जाईल, आणि आर-१, एस-१ (पिवटच्या वरची आणि खालची पहिली पातळी) प्रत्येकी ४ रुपयांनी सरकतील. ट्रेडिंगव्ह्यूच्या पिवटमध्ये डेली आकडे वापरण्याची टिकखूण आहे, ती चालू असली की अधिकृत आकडे घेतले जातात. कोणताही एक मार्ग धरा आणि तोच कायम ठेवा.

२१. बोनस किंवा डीमर्जरनंतर २०० डीएमए एकदम वेगळ्या जागी दिसतो. विश्वास कशावर ठेवू?

बोनस आणि स्प्लिटनंतर जुने सगळे भाव त्या प्रमाणात भागून घ्यावे लागतात. रिलायन्सचा १:१ बोनस २८ ऑक्टोबर २०२४ ला लागू झाला तेव्हा भाव निम्म्यावर आला. जुना डेटा भागलेला नसेल तर चार्टवर त्या दिवशी ५० टक्क्यांची खोटी दरी दिसते, आरएसआय तळाला जातो, आणि २०० डीएमए पुढचे २०० दिवस खोटा राहतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप होतं. स्वतः डेटा भरणाऱ्यांनी, विशेषतः ॲमिब्रोकरवाल्यांनी, हे हाताने तपासावं.

डीमर्जरमध्ये, म्हणजे कंपनीचा एक भाग वेगळा होताना, खरी पंचाईत होते. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा, २० जुलै २०२३ ला, बाजार उघडण्याआधी खास प्री-ओपन सत्र घेऊन भाव ठरवला गेला. असा फरक जुन्या भावांतून वजा करायचा की तसाच ठेवायचा, हे प्रत्येक डेटा पुरवठादार आपापलं ठरवतो. म्हणून दोन ॲपवर त्याआधीचे भाव आणि सगळ्या लांब सरासऱ्या वेगळ्या दिसू शकतात. तपासायचं असेल तर डीमर्जरच्या आधीच्या एखाद्या दिवसाचा बंद भाव दोन्हीकडे वाचा आणि एक्स्चेंजच्या त्या दिवसाच्या भावकॉपीशी (रोजच्या भावांच्या फाइलशी) ताडा. कोणी काय केलंय ते लगेच कळतं.

लाभांशाचा हिशेब हा आणखी वेगळा. ट्रेडिंगव्ह्यूवर खाली 'ॲडज' चालू असेल तर जुने भाव लाभांशानेही कमी होतात. जास्त लाभांश देणाऱ्या कोल इंडियासारख्या शेअरवर याने जुन्या पातळ्या बऱ्याच खाली सरकतात. ट्रेंडलाइन काढणाऱ्यांनी तो बंद ठेवलेला बरा.

२२. निफ्टी फ्युचरच्या सलग चार्टवर दर महिन्याला छोटी उडी का येते?

एक महिन्याचा करार संपून पुढच्याचा भाव जोडला जातो, आणि दोन्हींत फरक असतो. ती उडी सरासऱ्यांतही शिरते. मागचे भाव जुळवून घेण्याचा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर चालू करा. मात्र मग जुने भाव प्रत्यक्ष व्यवहारातले राहत नाहीत. आकाराचा अभ्यास जुळवलेल्या चार्टवर करा, पातळ्या मूळ चार्टवर पाहा.

२३. दिवाळीनंतर पिवट आणि सीपीआर (सेंट्रल पिवट रेंज, पिवटभोवतीचा पट्टा) फारच अरुंद येतात. सेटिंग बदललं का?

सेटिंग तेच आहे. मुहूर्ताचं सत्र तासाभराचं असतं, पण डेटामध्ये तो पूर्ण एक दिवस धरला जातो. १ नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी ६ ते ७ मुहूर्ताचे सौदे झाले. पुढच्या सत्राचे पिवट त्या एका तासाच्या हाय-लोवरून निघाले. अरुंद सीपीआर पाहून मोठी चाल येणार असं समजणारे त्या दिवशी एका तासाच्या आकड्यांवर सौदा लावतात. मुहूर्ताआधीच्या पूर्ण दिवसाचे हाय, लो, क्लोज घेऊन पातळ्या हाताने काढा. व्हॉल्यूमची सरासरी आणि एटीआरही पुढचे काही दिवस थोडे कमी दाखवतील. उलट, १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असूनही अर्थसंकल्पासाठी बाजार पूर्ण वेळ चालला. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये शनिवार-रविवार गाळण्याची टिकखूण चालू आहे, त्यांच्या चार्टवर तो दिवसच नसेल.

२४. इंडिकेटरचा पिरियड बदलला, तरी अलर्ट जुन्याच पातळीवर वाजतो.

ट्रेडिंगव्ह्यूवर अलर्ट तयार करता त्या क्षणी इंडिकेटरच्या सेटिंग्जची एक प्रत घेतली जाते आणि अलर्ट त्या प्रतीवर चालतो. नंतर चार्टवर २० चा ईएमए ५० केलात, इंडिकेटर लपवलात किंवा काढूनही टाकलात, तरी अलर्ट २० वरच वाजत राहतो. टाइमफ्रेमचंही तसंच, ५ मिनिटांवर लावलेला अलर्ट ५ मिनिटांचाच राहतो. सेटिंग बदललं की जुना अलर्ट काढून नवा लावा. लावताना 'वन्स पर बार क्लोज' निवडा, नाहीतर कॅन्डल बंद होण्याआधीच्या हलत्या आकड्यावर तो वाजेल. ज्यांनी अलर्टला ऑर्डर जोडली आहे त्यांनी इंडिकेटरला हात लावण्याआधी तो अलर्ट थांबवावा.